कंपनीज हाउस: मालक खरंच किती पैसा लावतो हे पाहण्याची फुकट जागा

खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ट्रान्सफर विंडो उघडली की तोच वाद पेटतो. मालक हात आखडता घेतोय की क्लबकडे खरंच पैसा नाही? लिव्हरपूलचे चाहते मालक कंपनी एफएसजीच्या नावाने, स्पर्सचे एनिकच्या नावाने आणि युनायटेडचे ग्लेझर कुटुंबाच्या नावाने बोटं मोडतात. पुरावा म्हणून पुढे केला जातो तो ट्रान्सफरमार्क्ट या संकेतस्थळावरचा नेट स्पेंडचा, म्हणजे खरेदी वजा विक्रीचा तक्ता. तक्ता उपयोगाचा आहे, पण या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. ते क्लबच्या हिशेबात असतं, आणि इंग्लंडमध्ये नोंदलेल्या प्रत्येक कंपनीचे हिशेब ब्रिटिश सरकारच्या कंपनीज हाउस या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही, कुठूनही उघडता येतात. खातं काढावं लागत नाही. पूर्वी कागदागणिक शुल्क होतं, ते २०१५ मध्ये काढून टाकलं. इथे या सेवेचं परीक्षण केलं आहे ते फक्त फुटबॉलच्या चाहत्याच्या गरजेपुरतं.

मत आधीच सांगतो: मालकाच्या पैशाबद्दल गंभीरपणे बोलायचं असेल तर याहून चांगलं फुकट साधन नाही. मात्र ते वापरणाऱ्याला काहीही समजावून सांगत नाही, आणि चुकीच्या कंपनीचा चुकीचा कागद उघडला तर अगदी उलट निष्कर्ष निघू शकतो.

पहिली अडचण शोधण्यातच येते. शोधपेटीत "चेल्सी" टाकलं तर फुलवाल्यापासून फ्लॅटच्या सोसायटीपर्यंत नावांची रांग लागते. शिवाय एका क्लबच्या नावावर एकच कंपनी नसते. संघ चालवणारी एक, स्टेडियमची एक, महिला संघाची एक, त्यांच्यावर होल्डिंग कंपनी आणि तिच्यावर आणखी एखादी. अर्सेनलसाठी अर्सेनल होल्डिंग्ज लिमिटेड, स्पर्ससाठी टॉटनहॅम हॉटस्पर लिमिटेड, चेल्सीसाठी चेल्सी एफसी होल्डिंग्ज लिमिटेड आणि तिच्या वर २२ होल्डको लिमिटेड, अशी नावं माहीत असली की अर्धं काम होतं. माहीत नसतील तर संघाच्या कंपनीपासून वर चढत जायचं. कंपनीच्या पानावर "पीपल" या भागात "पर्सन्स विथ सिग्निफिकंट कंट्रोल" असा उपविभाग आहे. पंचवीस टक्क्यांहून जास्त हिस्सा किंवा ताबा कोणाकडे आहे ते तिथे दिसतं. मालक दुसरी कंपनी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक उचलून पुन्हा शोधपेटीत टाकायचा. वर चढताना नावाने शोधू नका, क्रमांकाने शोधा. सारख्या नावांच्या कंपन्यांचा घोळ तिथेच संपतो. या विभागात नेमका हिस्सा कळत नाही, "पन्नास ते पंचाहत्तर टक्के" असे टप्पेच दिसतात. नेमके शेअर कोणाकडे किती, ते हवं असेल तर कन्फर्मेशन स्टेटमेंटमधली भागधारकांची यादी पाहावी.

यापेक्षा जवळची वाटही आहे. कोणत्याही वार्षिक हिशेबाच्या अगदी शेवटच्या टिपांपैकी एक टीप मूळ कंपनी आणि अंतिम मालक यांच्याबद्दल असते. हा हिशेब कोणत्या सगळ्यांत लहान आणि कोणत्या सगळ्यांत मोठ्या समूहात मिसळला जातो, हे त्यात लिहिलेलं असतं. हिशेब वाचायला सुरुवात तिथूनच करावी. कारण संघाच्या कंपनीला बहुतेक वेळा रोख प्रवाहाचं पत्रक न देण्याची मुभा असते, आणि आपल्याला जे हवं ते नेमकं त्या पत्रकातच असतं.

वरच्या कंपनीपर्यंत चढणं किती महत्त्वाचं आहे याचं जुनं उदाहरण चेल्सीचंच आहे. आधीचा मालक अब्रामोविच याच्या काळात क्लब कर्जमुक्त आहे असं सांगितलं जायचं, आणि क्लबच्या कंपनीचा ताळेबंद पाहिला तर ते खरंच होतं. पण वरच्या फोर्डस्टॅम लिमिटेडच्या हिशेबात मालकाच्या बाजूने आलेलं सुमारे दीडशे कोटी पाउंडांचं कर्ज वर्षानुवर्षं दिसत होतं. २०२२ मध्ये अब्रामोविचवर निर्बंध आले आणि क्लब विकायची वेळ आली, तेव्हा अनेकांना या कर्जाचा पत्ता लागला. तो कागद मात्र आधीपासून सगळ्यांसाठी खुला होता.

आता "फाइलिंग हिस्टरी". इथे सगळे कागद तारखेनुसार, नवा वर, असे लागतात. वर गाळणीचे चौकोन आहेत. फक्त "अकाउंट्स" निवडलं की संचालक बदलल्याच्या शेकडो नोंदी बाजूला होतात. हिशेबाची पीडीएफ उघडली की सेवेतला सगळ्यांत मोठा दोष समोर येतो. बहुतेक क्लबांचे हिशेब स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात असतात. शब्द शोधता येत नाही, आकडे उचलून तक्त्यात चिकटवता येत नाहीत, पानं कधी तिरकी, कधी पुसट. चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या एखाद्या साधनातून ती काढावी लागतात, आणि तिथे तीन चुका हमखास होतात: ३ आणि ८ यांची अदलाबदल, उणे आकड्याभोवतीचा कंस गळणं, आणि स्वल्पविराम टिंब होणं. म्हणून प्रत्येक रकान्याची बेरीज छापलेल्या बेरजेशी जुळवून पाहिल्याशिवाय एकही आकडा कुठे लिहू नये. शिवाय आकडे बहुधा हजारांत असतात. रकान्याच्या डोक्यावर तसं लिहिलेलं असतं. एवढं एक चिन्ह नजरेतून सुटलं की दहा कोटींचे एक लाख होतात.

तुलनेसाठी मँचेस्टर युनायटेड पाहा. त्यांची मुख्य कंपनी केमन बेटांवर नोंदलेली आणि न्यूयॉर्क शेअर बाजारात सूचिबद्ध आहे. त्यामुळे पूर्ण समूहाचा हिशेब अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या एडगर या प्रणालीवर मिळतो. तिथे सगळा मजकूर शोधता येतो आणि तिमाही आकडेही येतात. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पाउंडांना क्लब घेतला तेव्हा क्लबवर लादलेल्या कर्जाचं पुढे काय झालं, लाभांश किती गेला, किती व्याज भरलं, हे सगळं तिथे सलग वाचता येतं. कंपनीज हाउसने वाचण्याच्या सोयीत एडगरच्या निम्मं जरी गाठलं तरी चाहत्यांचं मोठं काम होईल.

हिशेब उघडला की काय पाहायचं? शंभर पानं वाचायची गरज नाही. ट्रान्सफरच्या बाबतीत पाच जागा पुरतात: खेळाडूंच्या नोंदणीची टीप (हिशेबात ती "इंटँजिबल अॅसेट्स" म्हणून येते), क्लबच्या देण्यांची टीप, रोख प्रवाहाचं पत्रक, संभाव्य देण्यांची टीप आणि ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांची टीप.

या पाच जागा एकत्र का वाचाव्या लागतात, ते एका काल्पनिक व्यवहारावरून पाहू. क्लबने सहा कोटी पाउंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला आणि पैसे तीन वार्षिक हप्त्यांत द्यायचं ठरवलं. त्याच मोसमात अकादमीतून वर आलेला एक खेळाडू तीन कोटींना विकला, त्यातले दीड कोटी लगेच मिळाले. चाहत्यांच्या तक्त्यात नेट स्पेंड तीन कोटी. नफा-तोटा पत्रकात खरेदीचा या वर्षाचा वाटा फक्त १.२ कोटी, कारण किंमत कराराच्या वर्षांत वाटून लिहिली जाते. विक्रीचे मात्र सगळेच्या सगळे तीन कोटी नफा, कारण अकादमीच्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य असते. म्हणजे या दोन व्यवहारांतून १.८ कोटींचा नफा दिसतो. आणि बँकेत? दोन कोटी गेले, दीड कोटी आले, अर्धा कोटी कमी. एकाच उन्हाळ्याची तीन उत्तरं, आणि तिन्ही खरी. मालकाने खिशात हात घातला का, हे फक्त तिसऱ्यातून कळतं. ते अर्धे कोटी क्लबच्या कमाईतून भरले, बँकेच्या कर्जातून भरले की नव्या शेअरमधून आले, हे त्याच पत्रकाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, वित्तपुरवठ्याच्या ओळींत लिहिलेलं असतं.

करार लांबवला की हा वार्षिक वाटा कसा घटतो, हे चेल्सीने २०२३ च्या जानेवारीत दाखवून दिलं. एन्झो फर्नांडेसला १०.६८ कोटी पाउंडांना साडेआठ वर्षांसाठी घेतलं. वर्षाचा वाटा साधारण १.२६ कोटी. पाच वर्षांत वाटला असता तर तोच २.१४ कोटी झाला असता. यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्याच वर्षी वाटणीला पाच वर्षांची मर्यादा घातली आणि डिसेंबरमध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनीही तसाच ठराव केला. आधीच्या करारांना ती मर्यादा लागू नाही, त्यामुळे चेल्सीच्या टिपेतली वार्षिक रक्कम खर्चाच्या मानाने लहान दिसते, आणि ती अजून बरीच वर्षं चालू राहणार आहे.

टिपेतला "अॅडिशन्स"चा आकडा आणि ट्रान्सफरमार्क्टची बेरीज जुळत नाही, म्हणून क्लब काही लपवतोय असा आरोप वारंवार होतो. न जुळण्याची कारणं साधी आहेत. क्लबच्या आकड्यात एजंटची फी आणि शुल्क धरलेलं असतं. कामगिरीवर अवलंबून असलेली वाढीव रक्कम मात्र ती द्यावी लागण्याची शक्यता ठळक होईपर्यंत धरत नाहीत, ती संभाव्य देण्यांच्या टिपेत राहते. शिवाय वर्षं वेगळी असतात. बहुतेक क्लबांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. अर्सेनल आणि लिव्हरपूलचं ३१ मेला. जूनमध्ये झालेला व्यवहार चाहत्यांच्या डोक्यात नव्या मोसमाचा असतो, पण बहुतेकांच्या हिशेबात तो जुन्या वर्षात बसतो. एका खेळाडूची फी किती हे क्लबच्या हिशेबातून जवळजवळ कधीच कळत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. त्या बाबतीत ट्रान्सफरमार्क्टच बरं, अंदाज म्हणून.

ही तारीख किती महागात पडू शकते हे नॉटिंगहॅम फॉरेस्टला विचारा. ब्रेनन जॉन्सनला त्यांनी १ सप्टेंबर २०२३ रोजी स्पर्सला ४.७५ कोटी पाउंडांना विकलं. ही विक्री ३० जूनच्या आत झाली असती तर लीगने घातलेली तोट्याची मर्यादा पाळली गेली असती. तसं झालं नाही, आणि मार्च २०२४ मध्ये चार गुण गेले. एव्हर्टनचे आधी दहा कापले, अपिलात ते सहा झाले, मग दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन. तेव्हाच्या नियमानुसार तीन मोसमांत मिळून १०.५ कोटी पाउंडांपर्यंत तोटा चालत होता, पण त्यातल्या १.५ कोटींच्या वरचा भाग मालकाने पक्क्या भांडवलाने भरून काढणं आवश्यक होतं. इथे या सेवेची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. लीगकडे दिलेलं ते गणित सार्वजनिक नसतं. अकादमी, महिला संघ, पायाभूत सुविधा, सामाजिक उपक्रम यांवरचा खर्च त्यातून वजा होतो, आणि त्याचे नेमके आकडे हिशेबात सुटे दिलेले नसतात. म्हणून कंपनीज हाउसच्या कागदावरून "आमचा क्लब एवढ्या लाखांनी बसतो" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. २०२६-२७ पासून लीगने हे सूत्र बदलून संघावरच्या खर्चाला उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांची मर्यादा घालायचं ठरवलं आहे. त्यात पगार, खेळाडूंच्या किमतीचा वार्षिक वाटा आणि एजंट फी हे घटक मुख्य. पगारांच्या आकड्यात बाकीच्या कर्मचाऱ्यांचेही पगार मिसळलेले असतात ही अडचण राहील, पण चाहत्यांचा अंदाज पूर्वीपेक्षा जवळ जाईल.

मालकाचा पैसा भांडवल म्हणून आला की कर्ज म्हणून, हा माझ्या मते सगळ्यांत कमी विचारला जाणारा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. शेअर घेऊन घातलेला पैसा क्लबकडे परत मागता येत नाही. कर्ज मागता येतं. ब्रायटनमध्ये टोनी ब्लूम यांचा आणि अर्सेनलमध्ये क्रोंके यांच्या कंपनीचा मोठा पैसा कर्जरूपाने आला. त्यात लगेच वाईट काही नाही, पण मालक बदलताना हा फरक उसळून वर येतो. नवे शेअर काढले की एका महिन्याच्या आत एसएच०१ हा फॉर्म भरावा लागतो. त्यात एक सापळा आहे. फॉर्मच्या शेवटच्या भागात एकूण भांडवल दर्शनी किमतीने लिहिलेलं असतं, आणि ते फसवं लहान दिसतं. खरी रक्कम काढायची तर या वेळी दिलेल्या शेअरची संख्या आणि प्रत्येक शेअरमागे प्रत्यक्ष भरलेली रक्कम, प्रीमियम धरून, यांचा गुणाकार करायचा. आणि फॉर्म वरच्या होल्डिंग कंपनीचा पाहायचा. खालच्या कंपन्यांमध्ये तोच पैसा पुन्हा शेअर काढून खाली उतरवलेला असतो. अशा तीन कंपन्यांचे आकडे बेरजेला घेतले की मालक आहे त्याहून तिप्पट उदार ठरतो.

"चार्जेस" हा भाग मला या संपूर्ण सेवेत सगळ्यांत मोलाचा वाटतो. क्लबने काही तारण ठेवून कर्ज काढलं की २१ दिवसांत त्याची नोंद करावी लागते, म्हणजे वर्षभर शिळ्या हिशेबांच्या ढिगात ही एक ताजी गोष्ट. कागद उघडला की कोणी कर्ज दिलं आणि काय तारण आहे ते दिसतं: टीव्हीच्या हक्कांचे येणारे पैसे, किंवा दुसऱ्या क्लबकडून येणे असलेले ट्रान्सफरचे हप्ते. लेस्टर सिटीच्या नोंदींत मॅक्वेरी बँकेचं नाव अशाच कर्जांसाठी आहे. रक्कम बहुतेक वेळा लिहिलेली नसते. कर्ज फिटलं की नोंदीपुढे "सॅटिस्फाइड" येतं. नवी नोंद दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. स्पर्ससारख्या, स्टेडियम बांधलेल्या क्लबावर बोजे असणारच. लक्ष द्यायचं ते येणाऱ्या मोसमाचं उत्पन्न आधीच गहाण पडत चाललंय का, आणि सावकार दरवेळी बदलून महाग होतोय का, याकडे.

समूहातल्या समूहात झालेली विक्री पकडायलाही हीच सेवा उपयोगी. चेल्सीने दोन हॉटेलं ७.६५ कोटी पाउंडांना आपल्याच भावंड कंपनीला विकली, मग जून २०२४ च्या अखेरीस महिला संघ वरच्या कंपनीकडे दिला. या दुसऱ्या व्यवहारातून २०२३-२४ मध्ये उपकंपन्यांच्या विक्रीचा जवळपास २० कोटींचा नफा आणि एकूण १२.८४ कोटींचा करपूर्व नफा दिसला. चेल्सी एफसी होल्डिंग्जच्या कागदावर तो नफा खरा. पण २२ होल्डकोच्या एकत्रित हिशेबात अशी घरातली विक्री वजा होते. दोन्ही हिशेब शेजारी उघडून ठेवले की क्लब खेळातून कमावतोय की जागा बदलून, हे कोणा तज्ज्ञाशिवाय कळतं. प्रीमियर लीगने तेव्हा हा नफा धरला, यूएफा धरत नाही. जुलै २०२५ मध्ये यूएफाने चेल्सीला ३.१ कोटी युरोंचा दंड केला. त्याआधी डर्बी काउंटीने प्राइड पार्क मालकाच्याच कंपनीला ८.११ कोटी पाउंडांना विकलं होतं, आणि २०२१ मध्ये तो क्लब आर्थिक डबघाईमुळे प्रशासकाच्या हाती गेला.

डर्बीचा आणखी एक धडा आहे, तो थकलेल्या हिशेबांचा. कंपनीच्या पहिल्याच पानावर पुढचा हिशेब कधी द्यायचा ती तारीख असते. ती उलटली की तिथे तसा शेरा येतो. खाजगी कंपनीला वर्ष संपल्यापासून नऊ महिने मिळतात. उशिराचा दंड १५० पाउंडांपासून सुरू होऊन १,५०० पर्यंत जातो आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी दुप्पट होतो. क्लबला ही रक्कम काहीच नाही, म्हणून दंडाकडे पाहून धोका मोजू नये. हिशेब थकलेत हाच धोक्याचा कागद. आर्थिक वर्षाची तारीख बदलणारा एए०१ फॉर्म आला तर तोही वाचावा. कारण साधं असू शकतं, पण त्यानंतरचा हिशेब बारा महिन्यांचा नसतो आणि आधीच्या वर्षाशी थेट तुलना चालत नाही.

मुख्य मर्यादा दोन. एक, सगळं शिळं. जूनअखेरचा हिशेब बहुधा पुढच्या मार्चमध्ये येतो. तोवर आणखी दोन विंडो होऊन गेलेल्या असतात. "ताळेबंदानंतरच्या घटना" या टिपेत त्या खरेदी-विक्रीची निव्वळ रक्कम बऱ्याचदा दिलेली असते, तेवढाच आधार. दुसरी जास्त गंभीर. साखळी डेलावेअर किंवा केमन बेटांवर पोचली की पुढचं दार बंद. लिव्हरपूलबाबत यूकेएसव्ही होल्डिंग्जपर्यंत दिसतं, अर्सेनलबाबत क्रोंके यांच्या अमेरिकी कंपनीच्या नावापर्यंत. त्या पलीकडे मालकाने स्वतः कुठून, किती व्याजाने पैसा उभा केला, हे या सेवेतून कळणार नाही. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक आला आहे आणि मालकाच्या पैशाचा उगम तपासण्याचा अधिकार त्याला आहे. त्याने तपासलेलं चाहत्यांना किती दाखवलं जातं यावर पुढचं अवलंबून.

रोज संकेतस्थळ उघडून बसायची गरज नाही. फुकट खातं काढून कंपनीच्या पानावरचं "फॉलो" दाबलं की नवा कागद येताच ईमेल येतो. तीन कंपन्या फॉलो कराव्यात: संघाची, एकत्रित हिशेब देणारी सगळ्यांत वरची ब्रिटिश कंपनी, आणि स्टेडियम ज्या कंपनीच्या नावावर आहे ती. ईमेलमध्ये एमआर०१ (तारणाच्या नोंदीचा फॉर्म) दिसलं तर त्याच दिवशी उघडा, एसएच०१ दिसलं तर गुणाकार करा. संचालक बदलल्याच्या नोंदी सोडून दिल्या तरी चालतील, फक्त वित्त विभागाचा प्रमुख संचालक मोसमाच्या मध्यात गेला असेल तर सोडू नका.